बोललात बारा जणांत, माफी मात्र एकट्यात?

ताई, जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न रात्री वाचला आणि सकाळी पुन्हा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. दीड वर्षापूर्वी एका घरी महिला मंडळाची प्रार्थना होती. तिथे ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून तुम्ही मंडळीतल्याच एका मुलीबद्दल काही बोललात. तिचं लग्न ठरलेलं होतं आणि तुम्ही सांगितलंत ते ऐकीव होतं. गोष्ट षट्कर्णी झाली, मुलाकडच्यांपर्यंत गेली आणि लग्न मोडलं. मागाहून कळलं की त्यात निम्मंअधिक खोटं होतं. तुम्ही तिच्या आईकडे माफी मागायला गेलात, तर त्यांनी दार लावून घेतलं. तेव्हापासून तुम्ही प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घेत नाही. माणसं जो प्रत्येक व्यर्थ शब्द बोलतील त्याचा हिशेब त्यांना द्यावा लागेल, हे मत्तय १२:३६ तुमच्या डोक्यातून जात नाही आणि झोप उडाली आहे. तुम्ही विचारता, या पापाला क्षमा आहे का? आणि शेवटी एक वाक्य घातलंत : ‘ख्रिस्ती असून ते लोक क्षमा का करत नाहीत?’

मी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि पुढे पुण्यात मिळून ३१ वर्षं पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, होतो, आता निवृत्त आहे. दारू, वाटण्या, सोडचिठ्ठ्या हे सगळं पाहिलं, पण मंडळ्या फुटताना पाहिल्या त्या बहुतेक जिभेपायी. त्या अनुभवातून लिहितो.

आधी भीतीचं बघू, कारण भीती डोक्यात असली की पुढचं काही ऐकू येत नाही. ३६वं वचन वाचताना तुमची नजर पाच वचनं वर गेली असणार, जिथे पवित्र आत्म्याविरुद्धच्या दुर्भाषणाची क्षमा होणार नाही असं लिहिलंय. तसं तुम्ही स्पष्ट लिहिलेलं नाही, पण ‘या पापाला’ हे शब्द ज्या रीतीने आलेत त्यावरून वाटतं. तिथला प्रसंग बघा. भूतग्रस्त माणूस बरा झालेला डोळ्यांसमोर आहे आणि परूशी, म्हणजे त्या काळचे धर्मपुढारी, म्हणतात, हा सैतानाच्या,  बालजबूलच्या साहाय्याने भुतं काढतो. देवाचं काम समोर दिसत असताना त्याला सैतानाचं काम म्हणणं, असा तो प्रकार. ‘माझ्या हातून ते पाप झालं’ असं म्हणत माझ्याकडे आलेले लोक मला आठवतात. त्यांतल्या एकाचंही ते पाप नव्हतं. बोच प्रत्येकाची वेगळी होती : कुणी बापाला शेवटच्या आजारात टाकून बोललेलं, कुणी भावाची चहाडी केलेली. ज्याचं मन दगड झालंय तो रात्री अकरा वाजता अनोळखी माणसाला असा प्रश्न लिहीत बसत नाही.

तेव्हा क्षमा आहे का, याला माझं उत्तर हो आहे आणि त्याला मी शेपूट लावत नाही. मात्र तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टींची गाठ बसली आहे. देवाने क्षमा केली का, ही एक. त्या कुटुंबाने केली का, ही दुसरी. आणि जे मोडलं ते पुन्हा जुळेल का, ही तिसरी. पहिलीचं उत्तर दुसरीवर अवलंबून आहे असं तुम्ही धरून चालला आहात, म्हणून दार बंद झालं तेव्हा स्वर्गही बंद झाल्यासारखं वाटलं. पहिली देवाच्या हातात आहे आणि तो पापकबुली ऐकतो. दुसरी त्यांच्या हातात आहे, तिथे तुमचा हक्क नाही. तिसरी कदाचित कुणाच्याच हातात राहिलेली नाही.

आता एक कडू बोलतो. तुमच्या पत्रात मुलीची आई चार वेळा येते, मंडळी येते, पाळक येतात, तुमची झोप येते. मुलगी ‘त्यांची मुलगी’ एवढीच येते. माफी मागायला तुम्ही आईकडे गेलात. जिचं लग्न मोडलं तिच्याकडे आजवर कुणी गेलं का? आपल्याकडे मुलीबद्दलचा अपराध हा तिच्या घराचा अपराध धरतात, आणि मग माफीही घरच्या मोठ्यांत देवघेव होऊन मिटते. मीसुद्धा अशी मिटवामिटवी पुष्कळ केली आहे. आज वाटतं, चुकलं.

पुढे काय करायचं हे बरंच परिस्थितीवर आहे आणि मला तुमची परिस्थिती एका पत्राएवढीच माहीत आहे. ती मुलगी आता कुठे आहे, तिचं दुसरीकडे जमतंय का, तिथे जुना विषय पोचलाय का, तुम्ही बोललात ते फक्त त्या घरात की नंतर फोनवरही, यावर पावलं बदलतील. तुमचे पाळक कोणत्या स्वभावाचे आहेत यावरही. सांगितलेलं पोटात ठेवणारे असतील तर पहिल्यांदा त्यांच्याकडे जा. तसे नसतील तर कुणी वडीलधारी, मंडळीबाहेरची बाई शोधा. तुम्ही कॅथोलिक असता तर मी पापनिवेदनाला जा म्हटलं असतं, तिथे निदान ऐकणाऱ्याच्या तोंडाला कुलूप असतं. आम्हा प्रॉटेस्टंट पाळकांनी तेवढी शिस्त पाळली असती तर मंडळ्यांतली निम्मी भांडणं उगवलीच नसती.

‘निम्मंअधिक खोटं होतं’ असं तुम्ही लिहिता, आणि उरलेलं खरं होतं याचा थोडा आधार घेता असं मला जाणवलं. तो आधार सोडा. लेवीय १९:१६ मध्ये आपल्या लोकांत चहाडी करत फिरू नये असं आहे आणि तिथे खरी चहाडी, खोटी चहाडी असा भेद नाही. गंमत अशी की ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे जे आपण रविवारशाळेत पाठ करतो, ते त्याच अध्यायात दोनच वचनं पुढे येतं. मार्टिन ल्यूथरने १५२९च्या लहान प्रश्नोत्तरावलीत खोट्या साक्षीच्या आज्ञेचा अर्थ लावला, तोही खोटं न बोलण्यापाशी थांबत नाही. शेजाऱ्याची बाजू घ्या, त्याच्याबद्दल चांगलं बोला, त्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावा, इथवर तो नेतो. त्या दिवशी ऐकलेल्या गोष्टीचा चांगला अर्थ लागण्यासारखा होता का, हे तुम्हीच आठवून पाहा.

आणि ‘प्रार्थनेचा विषय’! या दोन शब्दांखाली आपल्या मंडळ्यांत काय काय वाटलं जातं हे सगळ्यांना ठाऊक आहे. डोळे मिटलेले, आवाज खाली आलेला, ‘बहिणींनो, बाहेर बोलू नका, पण...’ चावडीवरची कुचाळकी परवडली, ती स्वतःला कुचाळकीच म्हणवते. शेवटच्या दहा वर्षांत मी एक नियम घातला होता : हजर नसलेल्या माणसाचा विषय त्याची परवानगी असेल तरच मांडायचा. बायका-पुरुष दोघेही रुसले. मग ‘एका कुटुंबासाठी प्रार्थना करा’ अशी पळवाट निघाली. साठ घरांच्या मंडळीत ते एक कुटुंब कोणतं हे आमेन व्हायच्या आत सगळ्यांना कळायचं!

आता माझीच एक गोष्ट. नव्वदीच्या दशकात मी एका खेड्यातल्या मंडळीत होतो. कापणीच्या सणाला लोक धान्य, कोंबड्या, भोपळे आणायचे, मग देवळाबाहेर लिलाव व्हायचा आणि पैसे खजिनदाराकडे जायचे. एका वर्षी कमिटीत हिशेब मांडला तर अठराशे रुपयांची तूट. मी हसत हसत म्हणालो, “कोंबड्या खजिनदारांनीच जिंकल्या वाटतं.” लोक हसले, तोही हसला. पुढच्या रविवारपासून तो दिसेना. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! दोन महिन्यांनी माझ्याच डायरीत नोंद सापडली. बाहेरून आलेल्या उपदेशकाच्या जाण्यायेण्याला आणि जेवणावळीला ते पैसे मीच घेतले होते.

रात्री त्याच्या घरी गेलो, चूक सांगितली, रडलोही थोडा. तो खाटेवर बसून ऐकत होता. मग म्हणाला, “पाळकसाहेब, बोललात बारा जणांत आणि माफी मागता एकट्यात?”

मला वाटलं होतं, एवढा पाळक घरी येऊन रडला म्हणजे झालं. पण माझं बोलणं बारा जणांच्या कानांत बसलं होतं. तिथून ते त्यांच्या बायकांच्या कानांत, तिथून विहिरीवर, तिथून त्याच्या मुलीच्या सासरी गेलं होतं. माझी माफी यांतल्या एकाही कानाला शिवली नव्हती. तो माणूस गावात चोरच होता, फक्त आता मला बरं वाटत होतं.

तेव्हापासून मला पश्चात्ताप या आपल्या शब्दाचीच थोडी धास्ती वाटते. शब्दाची फोड केली तर नंतरचा ताप एवढंच निघतं. ताप भरतो आणि रडून, घाम येऊन उतरतो. नव्या करारातला ग्रीक शब्द मेटानोइया, म्हणजे मन पालटणं. जुन्या करारातला हिब्रू शब्द शूव, म्हणजे मागे वळणं, ज्या वाटेने गेलो त्या वाटेने परत येणं. जिभेच्या पापाला ही शेवटची कल्पना फार चपखल बसते. शब्द ज्या वाटेने गेला त्याच वाटेने तुम्हाला जायचंय. जकातदार जक्कय आठवा, लूक १९. मला वाईट वाटतंय असं तो म्हणत नाही. ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो, असं म्हणतो. अब्रू चौपट देता येत नाही, पण निदान ज्या-ज्या घरात तिची अब्रू ठेवून आलात त्या-त्या घरात ती मागायला जाता येतं.

म्हणजे करायचं काय? त्या दिवशी प्रार्थनेला कोण होतं ते कागदावर लिहा. नंतर कुणाला फोन केलात तेही. समजा अकरा नावं झाली. एकेकीकडे प्रत्यक्ष जा, आणि बोलणं तीन-चार वाक्यांच्या वर नेऊ नका. अमक्या दिवशी त्या मुलीबद्दल मी जे सांगितलं ते मी पाहिलेलं नव्हतं, त्यातलं बरंचसं खोटं निघालं, आणि खरं असतं तरी सांगायचा मला अधिकार नव्हता. तुम्ही कुणाला सांगितलं असेल तर कृपा करून त्यांनाही एवढं सांगा. बस्स. ‘पण’ हा शब्द आला की समजा, माफी संपली आणि वकिली सुरू झाली. तो मूळ तपशीलही परत उच्चारू नका. मी पाहिलंय, माफी मागता मागता लोक गोष्ट ताजी करून ठेवतात. समोरची विचारेलच, “म्हणजे त्यातलं खरं काय होतं मग?” तिला सांगा, ते मला ठाऊक नाही आणि ते माझं नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर लांबलचक माफीनामा टाकू नका. मूळ बोलणं ग्रुपवर झालं असतं तर गोष्ट वेगळी होती, तिथे दोन ओळी टाकणं भागच होतं. तोंडी बोललेलं तोंडीच फिरवा. लिहिलेल्याचा फोटो निघतो आणि ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनाही विषय मिळतो.

याच कारणाने उपासनेत उभं राहून साक्ष द्यायचा मोह टाळा. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, झालं तेव्हा मुलींनी रडत, मोठ्याने पापं कबूल केली, आणि आपल्याकडे त्या दिवसांबद्दल आदराने बोलतात. मीही बोलतो. पण त्या मुली स्वतःचं सांगत होत्या. तुमच्या साक्षीत एका दुसऱ्या मुलीचं नाव न घेताही तीच पुन्हा चर्चेचं ताट होणार. जेवढ्या लोकांत बोललात तेवढ्याच लोकांत माफी, त्याहून कमी नको आणि जास्तही नको. माझ्या बाबतीत ते बारा होते. पुढच्या कमिटीत मी उभा राहिलो, डायरी उघडून नोंद वाचली आणि त्याची माफी मागितली. पाय कापत होते. तो तिथे नव्हता, त्याच्या भावाने ऐकलं.

आता मुलीबद्दल. तिला एक कागद लिहा, हाताने, एका पानाच्या आत. तिचा विश्वास असेल अशा कुणाकडून आधी विचारून घ्या की तिला तो हवा आहे का. नको म्हणाली तर थांबा, तो तिचा हक्क आहे. कागदात ‘मला माफ कर’ असं मागू नका. मागितलं की तिच्यावर आणखी एक ओझं. तुम्ही काय केलंत, कुणाकुणाकडे जाऊन ते परत घेतलंत एवढं लिहा, आणि उत्तराची अपेक्षा नाही असंही लिहा. मग खरोखरच अपेक्षा ठेवू नका. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

इथे ते तुमचं वाक्य येतं, ‘ख्रिस्ती असून ते लोक...’. ताई, लूक १७ मध्ये दिवसातून सात वेळा क्षमा करा असं प्रभूने सांगितलं ते ज्याचा अपराध झाला त्याला सांगितलं. अपराध करणाऱ्याने ते वचन हातात घेऊन समोरच्याच्या दारावर ठोकायचं नसतं. त्या आईने दार लावलं तेव्हा तिच्या घरात एक मोडलेली मुलगी बसली होती. आणि रागावू नका, पण ते वाक्य अनोळखी लोकांत लिहून तुम्ही त्या घराबद्दल पुन्हा एकदा बोललाच आहात.

प्रभुभोजनाबद्दल पाळकांत मतभेद आहेत. मत्तय ५ प्रमाणे आधी भावाशी समेट करा आणि मग अर्पण वाहा, असं काही जण धरतात आणि तोवर लांब राहा म्हणतात. मी असं बघतो : पौल १ करिंथ ११:२८ मध्ये म्हणतो की माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. परीक्षा करावी आणि घरी बसावं असं म्हणत नाही. समेट दोघांच्या हातात असतो. रोम १२:१८ मध्ये तर शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, असे शब्द आहेत. तुमच्याकडून होण्यासारखं अजून पुष्कळ उरलंय, ते सुरू करा. दोन-तीन घरं झाली की प्रभूच्या मेजाजवळ जा, सगळी अकरा होईपर्यंत थांबू नका.

याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय वाचून तुम्ही म्हणता की जिभेला कुणी वश करू शकत नाही, मग आशा कसली. संत ऑगस्टीनने इथे एक बारीक गोष्ट टिपली होती : कुणीच वश करू शकत नाही असं याकोब म्हणत नाही, माणसांपैकी कुणी नाही असं म्हणतो. म्हणजे देवाकडे मागायला जागा ठेवली आहे. त्याच अध्यायाच्या दुसऱ्या वचनात ‘आपण सगळेच चुकतो’ म्हणताना याकोब स्वतःलाही धरतो, हे मला जास्त धीराचं वाटतं.

पण मला सगळ्यात जास्त आधार प्रभूचा शिष्य पेत्र याचा वाटतो, आणि प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाच्या शेजारी ठेवून पाहिला की अधिकच. यहूदाही पस्तावला होता. मत्तय २७ वाचा : त्याने तीस नाणी परत नेली, मी निर्दोष माणसाला धरून देऊन पाप केलं असं तोंडाने कबूल केलं. परतफेड झाली, कबुली झाली. पण ती कबुली तो घेऊन गेला याजकांकडे, आणि ते म्हणाले, आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ. मग तो एकटाच निघून गेला. पेत्राने काय केलं होतं? शपथा घालून, स्वतःला शाप देत, मी त्या माणसाला ओळखत नाही म्हणाला होता. तेही तोंडाचंच पाप. तोही बाहेर जाऊन मोठ्याने रडला. फरक एवढाच की तिसऱ्या दिवशी तो बाकीच्यांत होता. कोणत्या तोंडाने गेला असेल कोण जाणे, पण गेला.

योहान एक तपशील देतो. पेत्राने नाकारलं तेव्हा तो अंगणात कोळशांच्या विस्तवापाशी शेकत उभा होता, अध्याय १८. पुढे २१व्या अध्यायात गालीलच्या किनाऱ्यावर प्रभू मासळी भाजत बसलाय, पुन्हा कोळशांचाच विस्तव. कोळशांच्या विस्तवाचा तो ग्रीक शब्द सगळ्या नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. तोच वास, तीच ऊब. तीनदा नाकारलं होतं, तीनदा विचारणा होते : माझ्यावर प्रीती करतोस काय? त्या रात्रीचा उल्लेख प्रभू करत नाही. आधी खायला घालतो, मग विचारतो, आणि प्रत्येक उत्तराला काम देतो, माझी मेंढरं पाळ. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला यरुशलेमेत उभं राहून बोललं ते हेच तोंड. तेव्हा तुम्ही ‘आता मी कुणाच्या अध्यातमध्यात तोंडच उघडणार नाही’ असं लिहिलंय ते मला पटलेलं नाही. यशया संदेष्ट्याच्या ओठांना निखारा लागला तो गप्प बसवायला लागला नव्हता.

स्तोत्र १४१:३ रोज सकाळी म्हणा, हे परमेश्वरा, माझ्या मुखावर पहारा ठेव. फोन हातात घ्यायच्या आधी म्हणा, नंतर उशीर झालेला असतो. झोप आणि जेवण दोन्ही गेलं असेल तर डॉक्टरलाही भेटा, तो अविश्वास नव्हे. जगणं नकोसं वाटेल अशी एखादी रात्र आली तर घरच्यांना उठवा, किंवा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. यहूदासारखं एकटं निघून जायचं नाही.

तुम्ही विचाराल, त्या खजिनदाराचं काय झालं. सात-आठ महिन्यांनी नाताळाला तो आला, मागच्या बाकावर बसला. पुढे नेमाने येऊ लागला. माझ्याशी बोलायचा, पण खजिनदारकी त्याने पुन्हा कधी घेतली नाही आणि मीही कधी गळ घातली नाही. माझी बदली झाली तेव्हा एस.टी.पर्यंत पोचवायला आला होता, हातात दोन किलो शेंगा घेऊन.

सुरुवात ज्या घरी ती प्रार्थना झाली होती तिथूनच करा. आधी फोन करून जा, पण कशासाठी ते फोनवर सांगू नका. आणि बोलायचं ते चहा यायच्या आधी बोलून टाका. एकदा कपबशा आल्या की हवापाण्याच्या गप्पा सुरू होतात आणि माणूस तसाच परत येतो, मी तीनदा तसा परत आलोय.